गोधडीच्या पाठीवर नाव घाल

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला. ‘मावशी, प्रदर्शनाच्या फॉर्ममध्ये निर्मितीच्या रकान्यात एकच ओळ आहे. माझं नाव लिहिणं खोटं वाटतंय. पॅटर्न विकत घेतलेला, साड्या आजीच्या, धावदोरा भोरच्या बाईंनी घातलेला. मी फक्त तुकडे जोडले. नावाशिवायच पाठवू का?’

मी लगेच उत्तर टाइप करायला घेतलं आणि पुसून टाकलं. ते फोनवर मावणारं नव्हतं, आणि मला राग आला होता. तुझा थोडा, बाकीचा माझाच. म्हणून हे पत्र.

नावाशिवाय पाठवायचं नाही. पाठीवर नाव घाल. तुझं घाल, त्या बाईंचं घाल, आजीचं घाल, पॅटर्न जिचा तिचंही घाल. फॉर्मवर एकच ओळ असेल, पण गोधडीची पाठ पाच फूट बाय सहा फूट आहे.

आपल्या घरातली भांडी आठव. स्टीलच्या साध्या वाटीवरसुद्धा बारीक टिंबांनी कोरलेलं असतं, कोणाकडून, कोणाला, कुठल्या तारखेला. सप्रेम भेट. लग्नातली भांडी पन्नास वर्षांनी माळ्यावरून काढली तरी कुठलं पातेलं आत्याचं आणि कुठलं मामाचं ते वाचता येतं. माझ्या आजीने आयुष्यभरात किती गोधड्या शिवल्या असतील कोणास ठाऊक. चैत्र-वैशाखात शेतातलं काम उरकलं की पडवीत जुनं लुगडं अंथरायची, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायची आणि दाभण घेऊन बसायची. त्यातल्या दोन माझ्याकडे आहेत. एक आजीचीच आहे, हे मला आईने सांगितलं. दुसरी आजीची की तिच्या जावेची, हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. त्या घरातल्या पाण्याच्या तांब्यावर मात्र नाव आहे.

‘मी फक्त तुकडे जोडले’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर बोलू नकोस. रविवारी तू ते क्विल्ट, म्हणजे ही तुझी गोधडी, दोन्ही हातांनी उंच धरलंस तेव्हा आम्ही साताठ जणी गप्प झालो होतो. दोन तृतीयांश जागा नुसती मांजरपाटाची, कोरी, आणि खाली डाव्या कोपऱ्यातून इरकलीच्या काठाच्या पट्ट्या तिरक्या वर चढलेल्या, एक पट्टी मध्येच तुटलेली. ती जागा मोकळी ठेवायची हिंमत पॅटर्नमध्ये नव्हती. पॅटर्न मी पाहिलाय, त्यात पट्ट्या मध्यभागी होत्या. तू त्या सरकवल्यास. ‘कोणी केलं गं?’ असं विचारल्यावर तू ‘म्हणजे, मी असं नाही’ म्हणत अडखळलीस, आणि तेवढ्यात चहा आला. मला तेव्हाच बोलायचं होतं.

आता एक गोष्ट ऐक. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १८३७ साली हॅरिएट पॉवर्स गुलामगिरीत जन्मली. मोठेपणी, गुलामगिरी संपल्यावर, तिने कापडाच्या आकृत्या शिवून बायबलमधल्या गोष्टी एका क्विल्टवर मांडल्या. अकरा चौकटी आहेत त्यात. १८८६ मध्ये अथेन्स नावाच्या गावातल्या कापूस-मेळ्यात ते क्विल्ट टांगलं होतं. तिथे जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने ते पाहिलं आणि विकत मागितलं. पॉवर्सने नाही म्हटलं. पुढे चारपाच वर्षांनी हलाखी आली तेव्हा ती स्वतः क्विल्ट घेऊन गेली. मागितले दहा डॉलर, मिळाले पाच. देऊन टाकल्यावरही ती नंतर अनेकदा ते बघायला जायची. आज ते वॉशिंग्टनमध्ये स्मिथसोनियन या संग्रहालयाच्या संग्रहात आहे. मी ही गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा त्या पाच डॉलरवर अडकले होते. आता अडकते ती दुसऱ्याच गोष्टीवर. स्मिथबाईंनी एकेक चौकट म्हणजे काय, हे पॉवर्सला विचारलं आणि लिहून ठेवलं. कोणीतरी विचारलं, कोणीतरी लिहिलं. तेवढं झालं नसतं तर आज ते ‘अज्ञात स्त्रीचं काम’ असतं.

अमेरिकेतल्याच अलाबामा राज्यातल्या गीज बेंड या खेड्यातल्या कृष्णवर्णीय बायकांच्या क्विल्टचे फोटो तू मला पाठवत असतेस. २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत ती भिंतीवर लागली आणि जगभरच्या क्विल्ट करणाऱ्यांचे डोळे उघडले. तुमच्या पिढीचं जे आधुनिक क्विल्टिंग आहे, ज्याच्या नावाने २००९ मध्ये अमेरिकेत गिल्ड, म्हणजे संघटना, निघालं, त्यातला मोजपट्टी बाजूला ठेवून अंदाजाने कापण्याचा धीर पुष्कळसा त्या बायकांकडून आलेला आहे. गीज बेंडच्या मिसूरी पेटवे या बाईचं १९४२चं क्विल्ट तुला माहीत आहे. नवरा गेल्यावर तिने त्याच्या कामाच्या कपड्यांचं क्विल्ट केलं, त्याच्या आठवणीसाठी आणि पांघरून झोपण्यासाठी. हे आपल्याला कसं कळलं? कापडावर नाही लिहिलेलं. तिची मुलगी आर्लोन्झिया तेव्हा बरोबर होती, तिने पुढे सांगितलं म्हणून कळलं. मुलगी नसती तर विटलेल्या डेनिमच्या पट्ट्या दिसल्या असत्या, सुंदर दिसल्या असत्या, आणि आपण त्यांच्या रचनेवर बोलत बसलो असतो.

म्हणून म्हणते, पाठीवर नाव घाल. सांगणारी मुलगी प्रत्येकीला नसते.

आता माझं. हे तुला कधी सांगितलेलं नाही.

२००१ ते २०१२ मी मागच्या खोलीत गोधड्या करून घेत होते हे तुला माहीत आहे. मी रंग जुळवायचे, कापायचे, मशीनवर तुकडे जोडायचे. धावदोरा घालायला चार बायका होत्या. त्यातली एक वेल्ह्याच्या बाजूची, माझ्याहून मोठी. आम्ही तिला मावशी म्हणायचो. तिच्यासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. रेघ आखायची नाही, कच्ची टाचणी नाही, काठापासून सुरू करून गोल गोल आत येत जायची आणि मध्यावर दोरा संपवायची. इंचाला सहा टाके, पाठीमागूनही सहा. नवीन कापड हातात आलं की आधी गालाला लावून बघायची. गोधडी पुरी झाली की घडी घालण्याआधी एकदा तिच्यावर आडवी पडायची, क्षणभरच, आणि म्हणायची, ‘ऊब हाय.’ मग मी कोपऱ्यात माझ्या नावाची विणलेली पट्टी शिवायचे आणि माल शहरातल्या दुकानात जायचा.

२०१४ मध्ये गोधड्यांवर अभ्यास करणारी एक बाई घरी आली. मी शेवटची ठेवलेली गोधडी दाखवली. तिने पाठ उलटली, टाके बोटाने चाचपले आणि विचारलं, ‘हे कोणी केलं?’ मी म्हटलं, ‘आमच्या एक मावशी होत्या.’ तिने वहीवर पेन टेकवलं होतं. ती थांबली. मीही थांबले. पुढे माझ्याकडे काहीच नव्हतं.

ती गेल्यावर मी हिशोबाच्या वह्या काढल्या. आठ वर्षांच्या. मावशी – ३५०. मावशी – ३५०. मावशी – ४००. मावशी – उचल २००. एका ठिकाणीही नाव नाही. २००९ नंतर ती यायची बंद झाली होती, मुलाकडे गेली एवढंच कानावर होतं. मी गाडी करून तिच्या गावाला गेले. लोक विचारायचे, ‘कोण मावशी?’ माझ्याकडे वर्णन होतं, नाव नव्हतं.

पैसे मी दर शनिवारी देत होते, एकाही शनिवारी चुकले नाही. बाहेर मिळत होते त्याहून जास्त देत होते. दिवाळीला लुगडं, तिच्या नातवाच्या आजारपणात डॉक्टर, हे सगळं केलं. कापड माझं, रंगांची समज माझी, दुकानदाराशी भांडण माझं, माल परत आला तर नुकसान माझं. त्या काळात कारागिराचं नाव कोणी टाकत नव्हतं. दुकानदार तर माझीच पट्टी लहान करा म्हणायचा. आणि तिने कधी मागितलंही नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे, कोणीही येऊन वह्या तपासाव्यात. पण विणलेल्या पट्टीत आणखी एक ओळ घालायला पैसे पडत नव्हते गं. विचारायला तर मुळीच पडत नव्हते. ती समोर आठ वर्षं बसली होती, आणि मी तिला ‘मावशी, चहा घे’ म्हणत राहिले. मावशी म्हटलं की आपलेपणाने वागवल्यासारखं वाटतं. त्या आपलेपणाच्या आड नाव राहून गेलं.

तूही मला मावशीच म्हणतेस. मला ते आवडतं. पण माझं नाव तुला माहीत आहे.

तर आता कामाचं. तुझ्या क्विल्टला गोट लागून झालाय, म्हणून पट्टी वरून शिवावी लागेल. यापुढे तीन थर एकत्र टाचण्याआधीच पाठीच्या कापडावर पट्टी शिवत जा, म्हणजे धावदोरा तिच्यातून आरपार जातो आणि ती उसवायची तर सगळी गोधडी उसवावी लागते. मांजरपाटाचा तुकडा घे, सहा इंच बाय आठ. आधी धुऊन इस्त्री कर. खाली पॉलिश पेपर ठेवलास तर लिहिताना कापड सरकत नाही. कापडावर लिहायचं पक्क्या शाईचं पेनच वापर, बॉलपेन नको, दुसऱ्या धुण्यात निळा डाग उरतो. लिहून झालं की वर सुती फडकं ठेवून गरम इस्त्री फिरव. धीर असेल तर भरतकामाच्या दोन पदरी दोऱ्याने बखिया घालून अक्षरं शिव. शाई विटली तरी सुईची भोकं राहतात.

काय लिहायचं? कोणी जोडलं, कोणी धावदोरा घातला, गाव, सुरू केल्याचं साल आणि पुरं केल्याचं साल. साड्या कोणाच्या. पॅटर्न कोणाचा आणि तू त्यात काय बदललंस. कोणासाठी केलं. कसं धुवायचं, तेही लिही. काही प्रदर्शनांत परीक्षण होईपर्यंत नाव झाकायला सांगतात. मग वरून फडकं टाचून झाकायचं, पट्टी काढायची नाही. आणि ‘पाठ स्वच्छ दिसत नाही’ असं कोणी म्हणालं तर त्या माणसाशी वाद घालू नकोस, त्याला गोधडी विकूही नकोस.

नाव म्हणजे मिरवणं, असं तुला वाटतंय. ही भीती मला कळते, आपल्या घरांत मुलींना हेच शिकवतात. मग एड्सने गेलेल्यांसाठी अमेरिकेत शिवलेल्या त्या क्विल्टचा विचार कर. १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या हिरवळीवर ते पहिल्यांदा अंथरलं तेव्हा त्यात १९२० तुकडे होते, प्रत्येक तीन फूट बाय सहा फूट, माणसाच्या थडग्याएवढा. नाव पाठीवर नाही, दर्शनी बाजूला, मोठ्या अक्षरांत. ज्यांचं नाव घ्यायला लोक लाजत होते, त्यांची नावं शिवली. त्यात मिरवणं कुठे आहे?

भोरच्या बाईंना उद्या फोन कर. पैसे दिलेस, हिशोब मिटला, असं समजू नकोस. त्यांना पूर्ण नाव विचार आणि ते कसं लिहायचं तेही विचार. नवऱ्याचं नाव लावायचं की नाही, माहेरचं हवं का, आडनाव हवं का. काही बायकांना पाळण्यातलं नाव हवं असतं, चाळीस वर्षं कोणी हाक मारलेली नसते त्या नावाने. त्या ‘माझं कशाला’ म्हणतील. दोनदा म्हणतील. तिसऱ्यांदा विचार. तरीही नको म्हणाल्या तर नको, तो त्यांचा हक्क. पण तू न विचारताच सोडून देणं मी चालवून घेणार नाही.

फॉर्मच्या त्या एका ओळीत तुझं नाव, स्वल्पविराम, त्यांचं नाव लिही. जागा पुरली नाही तर आडवं बारीक लिही, कोपऱ्यात वळव. मुदत शुक्रवारची आहे ना? मग गुरुवारी संध्याकाळी इकडेच ये. मांजरपाट धुऊन ठेवलंय, पेन आणून ठेवते. आजी फोनवर असेल तर त्या साड्या कुठल्या सणाच्या, तेही विचारून ये, आणि कागदावर लिहून आण. लक्षात राहील म्हणू नकोस.

तुझी,
मावशी