वाचकांचे प्रश्न : मादलेन व्हिओने आणि उरेब काप

मागील अंकातील फ्रेंच वेशभूषाकारांवरील लेखात, उरेब म्हणजे तिरक्या कापासाठी नावाजलेल्या पॅरिसच्या मादलेन व्हिओने यांचा उल्लेख एका ओळीत आला होता. त्या ओळीवर कोकणातून आलेल्या पत्रांपैकी चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी मुलींचा शिवणवर्ग चालवते. गळ्याला आणि मुंढ्याला उरेब पट्टी लावणे आम्ही अगदी सुरुवातीलाच शिकवतो. एका विद्यार्थिनीने मोबाइलवर वाचले की उरेब काप व्हिओने यांनी शोधून काढला. हे खरे आहे काय?
– एक शिवणशिक्षिका, देवगड

उत्तर : शोधून काढला असे म्हणणे बरोबर होणार नाही. कापड तिरके कापले की ते ताणते आणि वळणावर न सुरकुतता बसते, हे युरोपातील शिंप्यांना व्हिओने यांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते आणि कॉलर, गोट, झालर यांसाठी ते त्याचा उपयोगही करीत असत. व्हिओने यांचे वेगळेपण असे की, जी युक्ती कडेपुरती वापरली जात होती तिच्यावर त्यांनी अख्खा पोशाख बेतला.

वर्गात हे दाखवायचे असेल तर एक चौकोनी सुती रुमाल पुरेसा आहे. समोरासमोरच्या दोन कडा धरून ओढल्यास तो फारसा ताणत नाही, कारण सगळी ओढ थेट उभ्या किंवा आडव्या धाग्यावर येते. तोच रुमाल समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना धरून ओढला तर लांब होतो आणि मध्ये अरुंद होतो, कारण आता धागे ताणले जात नाहीत, त्यांच्यामधला काटकोन तेवढा मिटत जातो. ४५ अंशांत बेतलेले कापड अंगावर सोडले की स्वतःच्या वजनाने ते असेच खाली ओढले जाते, कमरेशी आवळते, नितंबांवर पुन्हा मोकळे होते आणि टक्स किंवा कॉर्सेट (कंबर आवळणारी ताठ चोळी) यांच्यावाचून शरीराचा आकार घेते. १९२० च्या सुमाराचा त्यांचा एक प्रसिद्ध पोशाख तर केवळ चार चौकोनी तुकड्यांचा आहे : दोन पुढे, दोन मागे, प्रत्येक तुकडा कोपऱ्यावर टांगलेला, त्यामुळे अंगावरून उतरणारे सगळे कापड आपोआप उरेब झालेले आणि खालच्या घेराला टोके आलेली.

माझ्या मते त्यांच्या कामाचे खरे मर्म उरेब कापाच्याही आधीच्या पायरीत आहे. त्या कागदावर चित्र काढून सुरुवात करीत नसत. सुमारे ८० सेंटीमीटर उंचीची लाकडी बाहुली पियानोच्या फिरत्या स्टुलावर ठेवून, तिच्यावर कापड टाचण्यांनी लावत, फिरवत आणि कापत त्या पोशाख तयार करीत आणि मगच तो पूर्ण मापात नेत असत. कापड कसे पडते हे चित्रात कळत नाही, आणि त्यांचा सगळा व्यवहार पडण्याशीच होता.

प्रश्न : एवढ्या मोठ्या कलावतीचे शिक्षण कोठे झाले? त्या श्रीमंत घरातील होत्या काय?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : श्रीमंती दूरच राहिली, शाळाही त्यांना पुरती मिळाली नाही. २२ जून १८७६ रोजी ल्वारे प्रांतातील शिलर-ओ-ब्वा या गावी जन्मलेल्या मादलेन अकरा-बारा वर्षांच्या असतानाच पॅरिसजवळच्या ओबेरव्हिलिए येथे शिवणकामाला लागल्या. अठराव्या वर्षी विवाह, लहानगी मुलगी दगावली, मग घटस्फोट, एवढे सोसून त्या इंग्लंडला गेल्या आणि लंडनमध्ये केट राइली यांच्या दुकानात काम करू लागल्या. पॅरिसच्या नमुन्यांवरून इंग्रज स्त्रियांना पोशाख शिवून देणे हा त्या दुकानाचा व्यवसाय होता, हे पुढच्या उत्तरासाठी ध्यानात ठेवावे.

पॅरिसला परतल्यावर कालो भगिनी या वेशभूषाकार बहिणींच्या शिवणघरात थोरल्या भगिनी मादाम जेर्बेर यांच्या हाताखाली त्या मांजरपाटासारख्या साध्या कापडावर नमुने तयार करीत. तेथे जे शिकायला मिळाले त्याचे ऋण त्यांनी पुढे जाहीरपणे मान्य केले. त्या भगिनींचा आदर्श नसता तर आपण फोर्ड गाड्याच बनवीत राहिलो असतो, त्यांच्यामुळे रोल्स-रॉइस बनवता आल्या, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. १९०७ च्या सुमारास त्या झाक दूसे या पॅरिसच्या वेशभूषाकाराकडे गेल्या आणि त्यांनी मॉडेल मुलींना कॉर्सेटविना, अनवाणी पायांनी ग्राहकांपुढे आणले, जे तेथील जुन्या विक्रेत्यांना मुळीच रुचले नाही. १९१२ मध्ये त्यांनी स्वतःचे शिवणघर काढले, पहिल्या महायुद्धाने ते १९१४ मध्ये बंद पाडले, आणि युद्धानंतर ते पुन्हा उघडले. गॅलरी लाफाएत या मोठ्या भांडाराचे एक संस्थापक तेओफील बादेर यांचे भांडवल मिळाल्यावर १९२३ मध्ये हे शिवणघर पॅरिसमधील ५०, आव्हेन्यू माँतेन्य येथील प्रशस्त वास्तूत गेले.

त्या वास्तूविषयी सविस्तर सांगितले पाहिजे, कारण तिच्या सजावटीची वर्णने पुष्कळ होतात आणि आतल्या कामगारांविषयी फारसे बोलले जात नाही. भरभराटीच्या काळात तेथे सुमारे १,२०० माणसे काम करीत. शिवणाऱ्या बायकांना त्या काळी सर्रास स्टूल मिळे. व्हिओने यांनी पाठ टेकता येईल अशा खुर्च्या दिल्या. जेवणघर, दवाखाना, दंतवैद्य, बाळंतपणाची रजा आणि पगारी सुट्टी या सोयीही तेथे होत्या. फ्रान्समध्ये पगारी सुट्टीचा कायदा १९३६ मध्ये आला, यावरून ही गोष्ट किती आधीची होती ते कळावे. दिवसभर मान मोडून टाके घालणे म्हणजे काय हे बालपणीच भोगलेल्या बाईंनी हे केले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

प्रश्न : गणपतीच्या दिवसांत माझ्या दुकानात ब्लाऊजचा नवा गळा लागला की आठवड्याभरात तोच शेजारच्या दुकानात दिसतो. फ्रान्समध्ये यावर काही उपाय होता काय?
– एक शिंपी, मालवण

उत्तर : व्हिओने यांनी तीन उपाय केले. प्रत्येक पोशाख अंगावर घातलेल्या मॉडेलचे तीन पाखांच्या आरशापुढे छायाचित्र घेतले जाई, म्हणजे पुढून, बाजूने आणि मागून एकाच वेळी नोंद होई. ही छायाचित्रे क्रमांकासह अल्बममध्ये लावून अधिकाराचा पुरावा म्हणून ठेवली जात. पोशाखाच्या लेबलावर त्यांची सही आणि अंगठ्याचा ठसा असे. नक्कल करणाऱ्यांना त्यांनी न्यायालयातही खेचले. पॅरिसच्या नमुन्यांवर चालणाऱ्या दुकानात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे नक्कल नेमकी कशी होते हे त्यांना आतून माहीत होते. तरीही नक्कल थांबली, असे मात्र झाले नाही. आपल्या दुकानापुरता सल्ला द्यायचा तर नव्या गळ्याचे तारखेसह छायाचित्र ठेवावे. शेजारी थांबणार नाही, पण आधी कोणी केले हा वाद मिटेल.

त्या अल्बमचा खरा लाभ पुढे झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, व्हिओने यांनी शिवणघर बंद केले आणि ते पुन्हा उघडले नाही. १९५२ मध्ये त्यांनी आपले पोशाख, नमुने आणि हे अल्बम एका फ्रेंच वस्त्रसंग्रहास दिले. आज ते पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात आहेत. २ मार्च १९७५ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या समकालीन वेशभूषाकार कोको शानेल यांनी १९५४ मध्ये आपले शिवणघर पुन्हा सुरू केले आणि त्यांचे अत्तर तर घरोघरी पोहोचले. व्हिओने यांच्या बाबतीत यांपैकी काहीच घडले नाही, म्हणून सामान्य वाचकाला नाव ठाऊक नसते आणि कापणाऱ्याला ठाऊक असते.

प्रश्न : जुन्या साडीतून असा उरेब झगा शिवता येईल काय?
– एक गृहिणी, गुहागर

उत्तर : येईल, पण काठपदराची साडी घेऊ नये, कारण काठ तिरका जाऊन विचित्र दिसतो. मऊ क्रेप किंवा जॉर्जेट निवडावे. साडीचा पन्हा उरेब तुकड्याला अपुरा पडतो. व्हिओने यांनी याच कारणाने नेहमीपेक्षा मोठ्या पन्ह्याचे क्रेप खास विणवून घेतले होते. आपल्याला जोड द्यावाच लागेल, तो सरळ धाग्यावर द्यावा, म्हणजे ताणणार नाही. शिवणीला माया जास्त सोडावी, कारण कापड लांबताना अरुंद होते. झगा कच्चा शिवून एक-दोन दिवस टांगून ठेवावा. पावसाळ्यातील दमट हवेत कापड जड होऊन आणखी उतरते, त्यामुळे श्रावणात शिवत असाल तर घाई करू नये. घेर सगळीकडे सारखा उतरत नाही, म्हणून अंगावर घालून जमिनीपासून मापून खूण करावी आणि मगच खालची दुमड हाताने घालावी.