तारीख रेल्वेची, तिथी समुद्राची

तुम्ही विचारलंय की जानेवारीत शुक्रवारी रात्री ठाण्याहून गाडी धरायची, शनिवार-रविवार समुद्रावर काढायचे आणि सोमवारी मुलांच्या शाळेआधी कोपरीला परत यायचं, हे ७१ वर्षांच्या आई, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा यांना घेऊन झेपेल का. आणि गोवा की मालवण. झेपतं. आम्ही कळव्याचे, गेली वीसेक वर्षं जवळजवळ दर हिवाळ्यात हीच सहल करतो, आणि त्यातली बरीच वर्षं सासूबाई बरोबर होत्या. माझं मत सरळ आहे: कुडाळला उतरा, मालवणजवळच्या तारकर्ली किंवा देवबागला एकाच घरात राहा, तिसरं गाव गाठू नका. गोवा वाईट नाही, पण थिवीला किंवा मडगावला उतरून पुढे किनाऱ्यापर्यंतचा प्रवास आणि तिथली गर्दी यांत तुमच्या दोन दिवसांतला अर्धा दिवस जाईल. कुणी मत्स्यगंधाने गोकर्ण सुचवलंय, पण ती गाडी दुपारी निघते आणि गोकर्ण रोडला ऐन उत्तररात्री उतरवते. आई आणि चार वर्षांचं पोर घेऊन ते नको.

पण कुठे जायचं याच्याआधी कधी जायचं ते ठरवा. या सहलीत माणसं चुकतात ती तारखेला.

कुडाळला जाणारी रात्रीची गाडी कोकणकन्या. ती ठाण्याला रात्री पावणेबाराच्या सुमाराला येते आणि पनवेलला बारा वाजून गेल्यावर. म्हणजे त्याच गाडीचं तिकीट ठाण्याहून काढलंत तर शुक्रवारची तारीख, आणि पनवेलहून काढलंत तर शनिवारची. रात्रीची दुसरी गाडी तुतारी तर दादरहूनच बारा वाजून पाच मिनिटांनी सुटते, त्यामुळे तिला ठाण्यालाही शनिवारची तारीख लागते. आपण मनात 'शुक्रवारी रात्री' म्हणतो आणि बोट शुक्रवारवर पडतं.

आमचं २०११ साली हेच झालं. तेव्हा आम्ही कामोठ्याला होतो. पनवेलहून चढायचं म्हणून तिकीट पनवेलचं, तारीख शुक्रवारची. शुक्रवारी रात्री साडेअकराला आम्ही सहा जण फलाटावर. धाकटा माझ्या खांद्यावर झोपलेला, सासूबाई बॅगेवर बसलेल्या, मांडीवर दशम्यांचा डबा. गाडी आली, आमच्या बर्थवर दुसरीच माणसं चादरी अंथरत होती. टीसींनी तिकीट दिव्याखाली धरलं, तारखेवर अंगठा ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमची गाडी काल रात्री गेली." त्यांनी आम्हाला रागावलं नाही, पण बसवणार तरी कुठे? पाच मिनिटांत गाडी निघून गेली. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, फक्त डबा पिशवीत परत ठेवला. ते मला आजही आठवतं, म्हणून इतकं लांबवून सांगते आहे. तिकीट काढल्यावर घरातल्या दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवा: कुठल्या स्टेशनातून, किती वाजता, त्या वेळी घड्याळात तारीख कुठली.

तुम्ही कोपरीत आहात, तेव्हा ठाण्याहूनच चढा आणि कोकणकन्याच घ्या. ती सकाळी आठच्या आगेमागे कुडाळला सोडते. तुतारीने जवळजवळ दुपार होते, आणि शनिवार अर्धा झाला की मुलांचा जीव कासावीस होतो. मांडवी, जनशताब्दी या दिवसाच्या गाड्या बघायला सुंदर, पण त्यांत तुमचा एक दिवस गाडीतच जाईल. कोकण रेल्वे अजून बहुतेक एकेरी मार्गाची आहे, समोरच्या गाडीला वाट द्यायला आपली गाडी थांबते. म्हणून वीस मिनिटं, अर्धा तास उशीर धरूनच चाला.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सकाळी आठला बसा, कारण जानेवारीतल्या शनिवार-रविवारची तिकिटं टिकत नाहीत. तत्काळवर विसंबायचं असेल तर आधार जोडणी आधीच करून ठेवा. वातानुकूलितचं तत्काळ दहाला आणि स्लीपरचं अकराला उघडतं, आणि तो दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदला असतो. पनवेलहून चढणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवावं, नाहीतर ते एक दिवस उशिरा बसतात.

आईंच्या खालच्या बर्थसाठी एक करा. सगळ्यांचं एकत्र तिकीट काढलं की ज्येष्ठांसाठी राखून ठेवलेले खालचे बर्थ त्या तिकिटाला लागू होत नाहीत. ते एकट्या ज्येष्ठाला किंवा दोन ज्येष्ठांनाच मिळतात. म्हणून आईंचं तिकीट आधी, वेगळं, ज्येष्ठ नागरिक कोट्यातून काढा. त्यावर डबा क्रमांक येईल. मग बाकीच्यांचं काढताना पसंतीच्या डब्याच्या रकान्यात तोच क्रमांक घाला. दर वेळी जमतंच असं नाही, पण बहुतेकदा जमतं. मुलीला बर्थ हवा तर पूर्ण भाडं, बर्थ नको तर अर्धं. तिला बर्थ घ्याच. चार वर्षांच्या मुलाला तिकीट लागत नाही, तो तुमच्या कुशीत झोपेल.

ठाण्याला गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. तुम्ही पूर्वेकडून येणार, म्हणजे पूल ओलांडावा लागेल. आदल्या दिवशी ऑफिसातून येताना सरकता जिना किंवा लिफ्ट कुठली चालू आहे ते पाहून ठेवा, आणि डबा कुठे लागतो ते फलाटावरच्या पाटीवर बघून तिथेच उभे राहा. सामान तुम्ही चढवा, पण आईंना आधी चढू द्या. जेवून निघा. रात्री डब्यात पिशव्या उघडत बसलात तर मुलं जागी राहतात आणि समोरच्यांचीही झोप मोडते.

मोबाइलला सहाचा गजर लावा. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा अंधारातच मागे पडलेला असतो. वैभववाडी-कणकवलीच्या पट्ट्यात उजाडतं, शेतांवर धुकं असतं, आणि खिडकीशी बसलेलं मूल त्या अर्ध्या तासात जे बघतं ते त्याला पुढे वर्षभर आठवतं. तेवढ्यासाठी मुलीला खाली आईंच्या शेजारी बसवा.

आता समुद्राची तारीख. हे मला देवबागच्या एका आजोबांनी शिकवलं, आणि तेव्हापासून मी आधी कालनिर्णय बघते, मग रेल्वेचं तिकीट. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. हा हिशोब मुंबईकडचा, मालवणात पाणी साधारण तासभर आधी चढतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी, तिकडे तिला सुकती म्हणतात. रोज ही वेळ पाऊण-एक तास पुढे सरकते.

याचा तुम्हाला उपयोग काय ते बघा. अष्टमीच्या आसपासचा शनिवार धरलात तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाणी वर, पुळण अरुंद, आणि सुकती नेमकी टळटळीत उन्हात. मुलं वाळूत खेळणार ती साडेअकराला, आणि संध्याकाळपर्यंत अंगं लाल. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास गेलात तर सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाचच्या सुमाराला पाणी आत गेलेलं असतं, ओली घट्ट वाळू लांबवर पसरलेली असते आणि ऊन उतरलेलं असतं. तीच जागा, पण दोन वेगळ्या सहली. एक धोका मात्र आहे: या दिवसांत उधाणाची भरती असते, पाणी चढतं-उतरतं जास्त आणि उतरताना ओढही जास्त असते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा चढ-उतार कमी. म्हणून पौर्णिमेला मुलांना गुडघ्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका, आणि मोठ्या माणसाने कायम मुलाच्या आणि समुद्राच्या मध्ये उभं राहायचं, किनाऱ्याच्या बाजूला नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमाच्या टोकाशी पोहायला उतरायचंच नाही. पाणी वरून शांत दिसतं आणि खाली दोन बाजूंनी ओढतं.

जत्रेचंही पाहा. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान येते. तिची तारीख पंचांगावरून ठरत नाही, देवीचा कौल घेऊन ठरते. त्या आठवड्यात मुंबई-ठाण्याहून माणसांचा पूर लोटतो, गाड्या आणि खोल्या दोन्ही मिळत नाहीत. जत्रेसाठी जायचं असेल तर आनंदाने जा, नाहीतर तारीख जाहीर झाली की तुमची सहल हलवा.

कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर. रिक्षा किंवा गाडी घरमालकांनाच पाठवायला सांगा, भाडं फोनवर ठरवून घ्या. नेरूरपारच्या रस्त्याने आणायला सांगा, म्हणजे वाटेत धामापूरचा तलाव लागेल. झाडीत लपलेलं मोठं स्वच्छ पाणी आणि काठाला भगवतीचं देऊळ. रात्रभर गाडीत आखडलेले पाय तिथे मोकळे होतात. खोली घेताना निवास-न्याहारीचं घर बघा. तीन गोष्टी विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, आणि समुद्राकडे जायची वाट घराच्या मागून आहे की रस्ता ओलांडून. फोटोंवर जाऊ नका.

जेवणाबद्दल फार सांगत नाही, तिथे वाईट जेवण मिळणं कठीण. मुलांचं कालवण वेगळं, तिखट कमी, हे सकाळीच सांगून ठेवा. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं असतील ती चावायची नसतात, बाजूला काढायची, हे मुलीला आधी सांगा. आईंचा शनिवार असेल तर काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या करायला सांगा. आमच्या सासूबाई मासे खात असूनही दर वेळी एक जेवण तेच मागायच्या.

सिंधुदुर्ग किल्ला रविवारी सकाळी पहिल्या बोटींपैकी एकीने करा. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, २०२५ मध्ये तो युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. मुलांना तटाची वळणं आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी दाखवा. राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आतच आहे, आईंना तिथे सावलीत बसता येईल. त्यांचे गुडघे दुखत असतील तर बोटीत चढणं-उतरणंच जड जाईल, तेव्हा त्यांना विचारून ठरवा, आग्रह नको. स्कूबासाठी नऊ वर्षं लहान वय आहे, अजून एक-दोन वर्षं थांबा.

पैसे न देता मिळणारी एक गोष्ट मात्र चुकवू नका. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढताना दिसली तर मुलांना घेऊन तिथे जा. होडीने लांब अर्धगोल टाकलेलं जाळं दोन टोकांना दोरी धरून माणसं किनाऱ्यावरून ओढत असतात, पाऊल मागे, पाऊल मागे, सगळी एका लयीत. आम्ही गेलो तेव्हा एका मामांनी माझ्या मुलाच्या हातात दोरी दिली. भिजलेली, वाळू चिकटलेली, त्याच्या मनगटाएवढी जाड. अर्ध्या तासाने जाळ्याची झोळी काठाला आली तेव्हा आतलं पाणी उकळल्यासारखं दिसत होतं. पेडवे, तारल्या, थोडे बांगडे, आणि एक फुगलेला केंड, तो मामांनी उचलून परत समुद्रात टाकला. मोठ्या यांत्रिक बोटींमुळे रापणी कमी होत चालल्या आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या मुलांना ती बघायला मिळो.

परतीची कोकणकन्या कुडाळला रात्री आहे आणि ठाण्याला पहाटे पाचच्या आत पोचते. रविवारी दुपारी चारला आंघोळी आटपा, पाच-साडेपाचला निघा. खोली दुपारनंतरही ठेवता येईल का ते आधीच बोलून घ्या. पनवेलच्या आधी उठा, नाहीतर ठाण्याला झोपेतलं मूल आणि चार पिशव्या घेऊन दारात धावपळ होते. वेळा दर हंगामात थोड्या हलतात, पावसाळी वेळापत्रक तर वेगळंच असतं, तेव्हा तिकिटावरची वेळ खरी.

शेवटी तुम्ही लिहिलंय की आई पाण्यात उतरणार नाहीत, मग त्या दोन दिवस करणार काय. सासूबाईही पहिल्या वर्षी ओटीवरच बसून होत्या. दुसऱ्या दिवशी सुकतीच्या वेळी घरमालकीणबाईंनी आपणहून एक प्लास्टिकची खुर्ची ओल्या वाळूच्या कडेला नेऊन ठेवली, पाय घट्ट रोवून. सासूबाई चपला काढून बसल्या. तासाभराने पाणी त्यांच्या घोट्यांपर्यंत आलं. मी खुर्ची मागे घ्यायला धावले, तर म्हणाल्या, "राहू दे गं, आत्ता कुठे आलंय." खुर्ची मागायला संकोच करू नका, तिथे प्रत्येक घरी असते. फक्त वाळू ओली आणि घट्ट असेल तिथेच ठेवा, आणि एक जण कायम त्यांच्या हाताशी असू द्या.