पोथ्यांची वंशावळ काढताय? आधी एवढं करा

खानापूर-निपाणीकडच्या घरांतून एकाच ग्रंथाच्या चार पोथ्यांचे फोटो मिळाले म्हणून लगेच कोणती कशावरून उतरली याची झाडं काढायला बसू नका. एकच अध्याय घ्या, पन्नासेक ओव्या पुरे. जसं दिसतं तसं टाइप करा. शुद्धलेखन सुधारायचा हात आवरा! ऱ्हस्व-दीर्घ सारखं करायचं ते नंतर, वेगळ्या फाइलमध्ये. पुष्पिकेतला (पोथीच्या शेवटी लेखकूने लिहिलेल्या नोंदीतला) शक आणि गावही टिपा, पण शक जुना म्हणजे पोथी मुळाजवळची असं धरू नका.

प्रतींच्या ओळी समोरासमोर लावायला कोलेटएक्स हा प्रोग्रॅम आहेच. नवखे इथेच फसतात, किती शब्द जुळले ते मोजत बसतात. बरोबर पाठ (त्या जागचे शब्द) सगळ्यांकडे मुळातूनच आलेला असू शकतो. नातं कळतं ते सामाईक चुकांवरून. त्यातही निवड हवी:

- घ-ध, भ-म: कुणीही चुकेल, सोडा.
- शेवट सारखा म्हणून गळालेली ओवी: डोळा कुणाचाही घसरतो, जपून.
- तेच दोन चरण दोन्हीकडे उलटसुलट: हे पकडा.

प्रतींच्या निकटतेवरून झाड काढणारे वेगळे प्रोग्रॅम असतात, पण त्या झाडाला बहुधा मूळ नसतं, म्हणजे सुरुवात कुठून ते कळत नाही. ते तुम्हीच ठरवायचं. दोन प्रती समोर ठेवून केलेल्या नकलांची भानगड आत्ता नकोच.