आंब्याच्या खोडावर वाळक्या पानांचे झुबके आले आहेत. बांडगूळ आहे का? काढून टाकावेत का?

काढू नका. हे आधी सांगतो, कारण येत्या रविवारी माणूस बोलावून परसातला जुना आंबा खरवडून घेणार असं तुम्ही लिहिलंय.

खोडाला चिकटलेली तपकिरी, कडक, कातरलेल्या कडांची पानं आणि पावसाळ्यात त्यांच्यामधूनच निघणारी हात-दीड हात लांब हिरवी पानं, हे तुमचं वर्णन बाशिंगाचं आहे. काही ठिकाणी याला वांदरबाशिंग म्हणतात. हा नेचा आहे, म्हणजे फर्न. शास्त्रीय नाव ड्रायनेरिया क्वर्सिफोलिया. त्यातल्या क्वर्सिफोलियाचा अर्थ 'ओकसारख्या पानांचा', आणि ते नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये दिलं. सह्याद्रीत ओक नाही. आपल्या माणसांना त्या उभ्या, कातरलेल्या पानात नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग दिसलं. मला आपलं नाव जास्त आवडतं.

बांडगूळ आणि बाशिंग यांत मोठा फरक आहे. बांडगुळाची मुळं फांदीच्या लाकडात घुसतात आणि झाडाचा रस ओढतात. बाशिंगाची मुळं सालीला फक्त धरून असतात. ते आंब्याकडून जागा घेतं, अन्न घेत नाही. म्हणून तर ते कातळावरही तितकंच छान वाढतं. फांदी आधीच पोखरलेली असेल तर पावसात भिजलेल्या झुबक्याच्या वजनाने मोडू शकते, तेवढं मात्र बघून घ्या.

मग खत-पाणी कुठून मिळतं? त्या 'वाळक्या' पानांतून. बाशिंगाला दोन प्रकारची पानं येतात. तपकिरी पान कोवळं असताना हिरवं असतं, पण लवकरच वाळतं आणि वाळूनही गळत नाही. देठ नसलेली अशी पानं एकावर एक बसून खोडाला टोपलीसारखी लागतात. त्या टोपलीत वरून पडणारा पालापाचोळा, सालीचे तुकडे, धूळ, मुंग्यांनी आणलेली माती साठते, कुजते आणि तिथेच खत तयार होतं. बाशिंगाची मुळं त्यातच पसरतात. म्हणजे मेल्यासारखं दिसणारं ते पान रोज काम करत असतं. दुसरी पानं हिरवी, लांब देठाची, मधल्या शिरेपर्यंत चिरलेली. अन्न तयार करणं आणि बीजाणू, म्हणजे ज्यांपासून पुढे नवं रोप येतं ते भुकटीसारखे कण, धरणं ही त्यांची कामं. कोरड्या दिवसांत ती झडतात, कधी नुसते मधले दांडे उरतात. झाडावर तेव्हा फक्त तपकिरी टोपली दिसते आणि लोकांना वाटतं, मेलं.

आमच्याकडेही असंच झालं होतं. घरामागच्या रायवळ आंब्यावरचं सगळं बाशिंग काकांनी एका मे महिन्यात कोयत्याने खरवडून काढलं. मी तेव्हा शाळेत होतो. खाली पडलेला एक झुबका उचलला तर आत बोटापेक्षा जाड, तपकिरी लवेने भरलेलं बाशिंगाचं खोड निघालं. खारीच्या शेपटीसारखं मऊ. नखाने जरा खरवडलं तर आतून ओलं आणि हिरवट. बाहेर उन्हाने माती भाजत होती, आणि हे आत पाणी धरून पावसाची वाट बघत होतं. ते मी अजून विसरलेलो नाही.

जंगलात बघायचं असेल तर माथेरानला जा. जुन्या झाडांवर, जाड फांद्यांच्या बेचक्यांत ते भरपूर आहे. कोकणात आणि घाटातही सगळीकडे दिसतं. भारताबाहेर आग्नेय आशियापासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागापर्यंत पोचलेलं आहे. मोठी झाडं तुटली की बाशिंगाची जागाही जाते, हे मात्र वाईट वाटतं.

तुम्ही विचारलंय, याला फूल कधी येतं? नेच्याला फूल नाही, बीही नाही. हिरवं जून पान उलटून बघा. आडव्या शिरांच्या मध्ये बारीक तपकिरी ठिपक्यांच्या ओळी असतात. प्रत्येक ठिपका म्हणजे बीजाणूंच्या सूक्ष्म पिशव्यांचा पुंजका. पिशवी वाळली की तिच्यावरचा पेशींचा पट्टा आधी मागे ताणला जातो, मग फटकन मिटतो आणि बीजाणू भिरकावले जातात. ओल्या सालीवर बीजाणू रुजला की त्यातून थेट बाशिंग येत नाही. आधी नखाहून लहान, पातळ हिरवा पापुद्रा येतो. नर-मादीचं मीलन त्या पापुद्र्यावर होतं आणि त्यासाठी पाण्याचा थर लागतो, कारण नरपेशी पोहत जाते. फुलाविना वाढणारं हे झाड पावसाशी बांधलेलं आहे ते असं.

कुंडीत लावायचं असेल तर जंगलातून उपटून आणू नका. वादळात मोडून पडलेल्या तुमच्याच फांदीवरचा तुकडा मिळाला तर लाकडाच्या ओंडक्यावर काथ्याने बांधा. मातीत पुरू नका, खोड कुजतं. आणि तपकिरी पानं कापून 'नीटनेटकं' करू नका.

पावसाळ्याच्या शेवटी एक ठिपकेवालं पान कोऱ्या कागदावर ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी पान अलगद उचललं की कागदावर पिवळसर भुकटीत त्या ठिपक्यांच्या ओळी उमटलेल्या दिसतील. घरात मुलं असतील तर त्यांना आधी उचलू द्या.