टायटलबारमधला आयकॉन आणि जड झालेला विंडो मॅनेजर

प्रश्न: एक्स११ (लिनक्ससारख्या सिस्टिमवर विंडो दाखवणारी यंत्रणा) साठी छोटा विंडो मॅनेजर (विंडोंची चौकट, टायटलबार सांभाळणारा प्रोग्रॅम) लिहितोय, पण टायटलबारमधे आयकॉन दाखवायला लागल्यापासून सगळं जड झालंय. काय चुकतंय?

उत्तर: बहुतेक तुम्ही दर वेळी रंगवताना आयकॉन एक्स सर्व्हरकडून (स्क्रीनवर प्रत्यक्ष चित्र काढणारा प्रोग्रॅम) परत मागवताय आणि परत लहान करताय. २५६ बाय २५६ चा एक आयकॉन, पिक्सेलला ४ बाइट धरले तरी २५६ केबी झाला, आणि बरीच अॅप्स एकाच प्रॉपर्टीत (विंडोला जोडून ठेवलेली माहिती) असे अनेक साइझ टाकतात. विंडो आली की एकदाच वाचा, हवाय त्यापेक्षा जरासा मोठा निवडा, लहान करून पिक्समॅपमधे (सर्व्हरकडे साठवलेलं चित्र) ठेवून द्या, प्रॉपर्टीनोटिफाय (प्रॉपर्टी बदलल्याचा संदेश) आला तरच परत वाचायचं. आणि हो, एक्सरेंडर (पारदर्शक चित्रं मिसळून काढायचं एक्स११चं एक्स्टेन्शन) वापरत असाल तर रंग आधी अल्फाने (पिक्सेल किती अपारदर्शक ते सांगणारा आकडा) गुणून घ्या, हे हमखास राहतं आणि मग कडा खराब दिसतात.