नळाच्या पाण्यात अमोनिया दिसतोय?

घाबरू नकोस, माशांच्या टाकीत अमोनिया (माशांना विषारी) निघाला म्हणून मासे परत द्यायची गरज नाही. आधी अमोनियाच्या टेस्ट किटने नुसतं नळाचं पाणी तपास. ट्यूब पिवळी राहिली तर दोष टाकीचा, हिरवट झाली तर पाण्याचा. पुण्यात बऱ्याच सोसायट्यांत खडकवासल्याचं आणि टँकरचं पाणी एकत्रच पडतं, म्हणून टँकर आला की पुन्हा बघ.

- बादली रात्रभर उघडी ठेवून क्लोरीन उडतो, अमोनिया नाही. अमोनिया बांधणारं डीक्लोरिनेटर (क्लोरीन काढणारं द्रावण) घे. नंतरही किट बांधलेल्या अमोनियामुळे हिरवं दाखवेल, दचकू नकोस. मुरलेल्या (बरेच दिवस चाललेल्या) फिल्टरमधले जिवाणू तो हळूहळू संपवतात.
- एका वेळी पावच पाणी बदल.
- फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा? अजिबात नाही! टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळ, म्हणजे ते जिवाणू वाचतील. नवखे इथंच फसतात.

पीएचचं (पाणी किती आम्लारी, त्याचं) नंतर बघू. तोवर खाणं निम्मं कर.