मेमो शेवटी काढा

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नागपूर जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकताच रुजू झालो. एमबीबीएसला औषधं शिकलो, माणसं सांभाळायला नाही. कर्मचारी ऐकतच नाहीत. काय करू?

उत्तर : पहिल्या वर्षी मीही नुसता ओरडायचो. एकदा मे महिन्यात रात्रभर वीज गेली. सकाळी लसींच्या फ्रीजचा काटा 12 अंशांवर. तो असायला हवा 2 ते 8. तापमानाच्या वहीत मात्र पुढच्या दोन दिवसांचंही ‘4’ लिहून तयार! तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ काटा मी स्वतः बघू लागलो. महिन्याभरात सिस्टरच मला बोलवायला लागल्या. 30,000 लोकांचं केंद्र खुर्चीतून चालत नाही, बाप्पा. आशाताईंच्या मोबदल्याची अडकलेली बिलं आधी काढा. रुग्ण कल्याण समिती म्हणजे केंद्राचा खर्च मंजूर करणारी समिती; तिची बैठक कागदावर उरकू नका. जनरेटरचं डिझेल तिथंच मागायचं. मेमो नंतर बघू.